पूजेबाहेरचं हत्यार

“चपला बाहेर काढायला सांगा त्यांना,” मामंजी म्हणाले. “आणि म्हणावं, बघा खुशाल, पण हात लावू नका कशाला.”

दारात इटलीहून आलेल्या दोन बायका उभ्या होत्या. एक चाळिशीची, उंच, गळ्यात दोरीनं चष्मा लटकवलेला. ती तिकडच्या एका गावच्या म्युझियमची मुख्य होती. दुसरी साठी ओलांडलेली, बारक्या चणीची, हातातली पर्स छातीशी धरून उभी. तिचं नाव नोरिना. त्यांच्या मागं पुण्याचे देवस्थळी नावाचे दुभाषे. बायकांनी मुकाट्यानं बूट काढले. देवस्थळी मात्र “आत फरशी ओली आहे का?” असं विचारत बसले. पुण्याचा माणूस, पायमोज्याची काळजी आधी.

दिवस खंडेनवमीचा होता. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. त्या दिवशी सगळी यंत्रं धुऊनपुसून बंद होती, लेथना झेंडूच्या माळा, आणि मधोमध पाटावर हत्यारं मांडून त्यांची पूजा झालेली. एकदा पूजा झाली की दसऱ्याला ती हलवीपर्यंत हत्यार उचलायचं नाही, वापरायचं तर नाहीच. त्या दिवशी त्यांची विश्रांती. माझे सासरे, हिंदुराव लोहार, या बाबतीत भलते कडक. एका वर्षी आमच्या जावयांनी नारळ सोलायला पूजेतला स्क्रूड्रायव्हर उचलला होता. मामंजींनी त्यांना जेवणाच्या पानावर बसवून चार शब्द ऐकवले. जावई असून. वन्सं आठ दिवस फुगून बसल्या होत्या, पण मामंजींनी शब्द मागं घेतला नाही.

त्या बायका ज्यासाठी आल्या होत्या ती हत्यारं पाटावर एका बाजूला वेगळी मांडलेली होती. कानशी, हातोड्या, कंपास, एक मायक्रोमीटर, म्हणजे बारीक जाडी मापायचं यंत्र, आणि भोकं तपासायचे पोलादी खुंटे, ज्यांना आम्ही गेज म्हणतो. प्रत्येकावर घंटेचा छाप. शेजारी त्यांची लाकडी पेटी.

या पेटीची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणालाच नीट ठाऊक नव्हती. मामंजी दुसऱ्या महायुद्धात सॅपर पलटणीत होते. सुरुंग काढायचे. इटलीत जर्मन मागं हटले तेव्हा जाताना त्यांनी एका डोंगरगावातला कारखाना उडवून दिला होता. तिथलं अंगण साफ करताना मामंजींचं फावडं राखेच्या ढिगात कशाला तरी अडलं. सुरुंग असेल म्हणून त्यांनी पालथं पडून हातानं राख उकरली. निघाली ही पेटी, आत ग्रीस लावून फडक्यात गुंडाळलेली हत्यारं. साहेब म्हणाला, टाक भंगारात. गावात तर चिटपाखरू नव्हतं, द्यायची कुणाला? दुसऱ्या सकाळी पलटण पुढं निघाली. लोहाराचं पोरगं ते, त्याच्यानं ती भंगारात टाकवेना. घेतली पाठीवर. बोटीतनं मुंबईपर्यंत आणली.

झालं. भावकीला तेवढं पुरे होतं. ‘हिंदुरावनं लढाईत लूट मारली, त्याच्यावर वर्कशॉप काढलं.’ माझ्या लग्नातच चुलत सासूनं माझ्या कानात सांगितलं होतं, लुटीच्या घरात चाललीस बाई, जपून. तेव्हा मी घाबरले होते. पुढं कामाला लागल्यावर मला कळलं की त्या पेटीतलं एकही हत्यार धंद्याला कधी वापरलेलं नाही. वर्षातून एकदा, खंडेनवमीच्या आधी, मामंजी ती उघडायचे. गंज काढायचे, बोथट झालं असेल त्याला धार लावायचे, वाकलं असेल ते सरळ करायचे. आमच्यात बिघडलेलं हत्यार पूजेला मांडत नाहीत. सगळं ठाकठीक झालं की पाटावर, आणि दसरा झाला की परत पेटीत. लुटीचं कुणी बोललं तर ते फक्त तंबाखू मळत बसायचे. मलाच राग यायचा. मी भांडायला उठले की म्हणायचे, “बस खाली. त्यांचं तोंड हाय, आपलं काम हाय.”

आदल्या वर्षी आमच्याकडं नवीन मशीन बसवायला एक इटालियन इंजिनिअर आला होता. त्यानं पूजेचे फोटो काढून नेले. त्यातला घंटेचा छाप त्या जुन्या कारखान्याचा म्हणून तिकडं कुणीतरी ओळखला, आणि आता या दोघी दारात.

सकाळपासून आमचे हे नुसते येरझाऱ्या घालत होते. यांचं नाव आनंदा. वर्कशॉप मामंजींनी काढलं, पण चालवलं यांनी आणि मी. हे लेथवर, मी तपासणीला.

“चोरीचा माल म्हणून पोलिसात दिलं तर?” हे मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले. “ह्या वयात आबांना कोर्टात उभं करायचं काय?”

“पोलिसात द्यायला पेढे घेऊन येत्यात काय कोण?” मी म्हटलं. नोरिनाबाईंनी खरंच मिठाईचा डबा आणला होता. पण भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला सांगू.

मामंजी खुर्चीवर ताठ बसलेले. जुना कोट घातलेला. त्यांनी विचारलं, “काय काम काढलं म्हणावं?”

नोरिनाबाई बोलायला लागल्या. देवस्थळींनी एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं. सुरुवातीला ते घसा खाकरून, भाषण केल्यासारखं सांगत होते. थोड्या वेळानं त्यांचा आवाज साधा झाला.

त्यांचे वडील, आर्मांदो, त्या कारखान्यात हत्यारं बनवणारे मिस्त्री. जर्मनांनी कारखाना ताब्यात घेतला आणि तोफेत बसणारी बुशं करायला लावली. बुश म्हणजे पोलादी नळकांडं, त्याच्या भोकात तोफेचा दांडा बसतो. आर्मांदो न कुरकुरता कामाला जायचे. जर्मन साहेब त्यांना सिगारेट द्यायचा, पाठ थोपटायचा. गावानं ते बघितलं. लढाई संपली आणि गावानं त्यांच्याशी बोलणं सोडलं. पाववाला पाव देईना. कारखान्यातलाच एक जोडीदार भर चौकात त्यांच्या अंगावर थुंकला. त्याचा भाऊ जर्मनांनी मारला होता.

“माझे वडील सांगायचे,” देवस्थळी म्हणाले, “की मी गेज खोटा केला होता. सतरा नंबरचा. खुंटाच किंचित जाड, म्हणजे त्यावर बेतलेलं भोक ढिलं. तपासणारा तोच खुंटा घालून तपासायचा, त्याला सगळं बरोबर दिसायचं. तोफ थोडी चालली की दांडा खिळखिळा. साहेब तपासायला आला की वडील खरा सतरा नंबर पुढं करायचे. खरा दाखवायला, खोटा चालवायला. दोन्ही एकाच पेटीत. जर्मन निघाले तेव्हा वडिलांनी पेटी राखेत पुरून गाव सोडलं. परत आले तेव्हा राख उकरलेली होती.”

मामंजींनी मान खाली घातली.

“कुणी विश्वास ठेवला नाही. आता म्युझियमच्या भिंतीवर जर्मनांविरुद्ध उभे राहिलेल्यांची नावं कोरणार आहेत. वडिलांच्या नावाला गाव म्हणतं, पुरावा दाखव. लढाईच्या वेळी मी दहा वर्षांची होते. मला ठाऊक आहे ते खरं बोलत होते. पण मुलीचं कोण ऐकतं?”

पाटावर खुंट्यांची ओळ होती. सतरा नंबर मला बसल्या जागेवरनं दिसत होता, कुंकवाचं बोट लावलेला. नोरिनाबाईंनाही दिसला. त्यांनी हात पुढं केला आणि लगेच आवरला.

“आज उचलत न्हाईत,” हे हळूच म्हणाले. “उद्या दुपारी.”

“उद्या पहाटे यांचं मुंबईहून विमान आहे,” देवस्थळी म्हणाले. “तिकीट बदलून मिळत नाही, मी विचारून पाहिलंय.”

मी मामंजींकडं बघितलं. जावयाला न सोडणारा माणूस. ते उठले, पाटासमोर उभे राहिले, हात जोडले. मग वाकून त्यांनी मायक्रोमीटर उचलला, कोटाच्या बाहीनं त्याच्यावरचं कुंकू पुसलं आणि माझ्याकडं दिला.

“मालन, माप घे.”

“मामंजी, आज?”

“बाईचा बाप अडकलाय. देव काय बोलत न्हाई त्याला. घे.”

मी सतरा नंबर उचलला. दिवसभर मी हेच काम करते, पण त्या दिवशी खुंटा आधी दोनदा पदराला पुसला. एक टोक मापलं, दुसरं मापलं. परत मापलं. म्युझियमच्या बाईंनी चष्मा चढवून स्वतः मापलं. आम्ही एकमेकींकडं बघितलं. ती इटालियन, मी कोल्हापूरची, पण त्या नजरेला दुभाषा लागत नव्हता. गेज तंतोतंत बरोबर होता. म्हणजे हा साहेबाला दाखवायचा खरा. मी ओळीतले सगळे खुंटे मापले. सगळे बरोबर. दुसरा सतरा नंबर तिथं नव्हताच.

आणि आमचे हे, बिचाऱ्यांना वाटलं आपल्या घराची वाहवा होतेय, छाती पुढं काढून म्हणाले, “सगळं बरोबरच निघणार. आबा दरवर्षी एकेक हत्यार नीट करत्यात. चुकीचं असलं तर दगडावर घासून मापात आणत्यात. आमच्याकडं वाकडं हत्यार पूजेला लागतच न्हाई.”

मी यांचा सदरा ओढला, पण देवस्थळींनी भाषांतर करून टाकलं होतं.

नोरिनाबाई स्टुलावर बसल्या. एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या. जाड खुंटा घासून मापात आणला की तो खरा खुंटाच होतो; मग पाटावरचा सतरा नंबर दोनातला कोणता, हे कोण सांगणार? त्यांचे वडील खरं बोलत होते हे सांगणारी जगातली एकच वस्तू, ती आमच्या घरानं दरवर्षी प्रेमानं नीट केली असणार. मला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं. चोर म्हणून धरून नेलं असतं तर बरं झालं असतं, असंसुद्धा मनात आलं.

त्या काहीतरी पुटपुटल्या. देवस्थळी थांबून म्हणाले, “त्या म्हणतात, यांनी चांगलंच केलं. माझे वडीलही वाकडं हत्यार बघू शकत नसत. त्या सगळ्यांचे आभार मानतायत. आता निघू म्हणतायत.”

“थांब म्हणावं,” मामंजी म्हणाले.

ते आत गेले. वर्कशॉपच्या मागं त्यांची खोली होती. ट्रंकेचं झाकण वाजलं. बराच वेळ गेला. हे त्यांच्यामागं निघाले तर मीच अडवलं. मामंजी परत आले ते हातात लष्करी पट्टीचं एक वेटोळं घेऊन, पूर्वीचे सैनिक पायाला गुंडाळायचे तसली. ते त्यांनी नोरिनाबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसले.

“सोड म्हणावं.”

बाईंनी पट्टी सोडली. आत एक गेज होता. त्याच्या मुठीवर कुंकवाचे थर साचून साचून काळपट लाल झालेले. दोन्ही टोकं मात्र तेल लावून लख्ख. घंटेचा छाप, आणि खाली सतरा.

मी तो मापला. जाड होता. केसापेक्षा बारीक फरक, पण दोन्ही टोकांना तेवढाच. म्युझियमच्या बाईंनी मापला आणि त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला. त्याचं भाषांतर देवस्थळींनी केलं नाही, आम्हीही मागितलं नाही.

“आबा, ह्यो कधी दाखवला न्हाई तुम्ही,” हे म्हणाले.

“बिघडलेलं हत्यार. पाटावर कसं मांडायचं?” मामंजी म्हणाले. मग देवस्थळींकडं वळून, “हे सगळं सांगा तिला. खरा आधी मापून बघितल्याबिगर ह्याचा फरक कुणाला पटला नसता. पहिल्याच वर्षी मी ह्याला नीट करायला दगडावर धरला हुता. एक हात मारला असंल नसंल. मग मनात आलं, चुकून चुकलेलं हत्यार असं नसतंय. एका टोकाला जास्त, एका टोकाला कमी, कुठंतरी घाई दिसती. ह्याच्यात घाई न्हाई. ज्यानं केला त्यानं बाकीच्यांपेक्षा ह्याला जास्त जपून केलाय. आणि नंबर दुसऱ्याचा मारलाय. मग मला भ्या वाटलं. म्हटलं, ह्या खुंट्यावर कुणीतरी आपला जीव ठेवलाय. आपण कोण घासणार?”

“मग कुंकू?” मी विचारलं.

“पूजेत न्हाई, पण उपाशी कसा ठेवू? सगळे उठायच्या आधी ह्याला लावायचो.”

आम्हाला वाटलं, झालं, आता काय राहिलं? पुरावा मिळाला, बाईंचे वडील सुटले, आमच्या घरावरचा लुटीचा डागही धुऊन निघाला. पण मामंजींचं काहीतरी राहिलं होतं. इतकी वर्षं त्या माणसाला विचारायला कुणी मिळालंच नव्हतं.

ते थोडे पुढं सरकले. म्हणाले, “तिला विचारा, तो घावला का त्यांना? जर्मनांना? मारला का त्यांनी त्याला?”

देवस्थळींनी विचारलं. नोरिनाबाईंनी मामंजींकडं बघितलं, आणि त्या स्टुलावरनं उतरून त्यांच्यासमोर फरशीवर बसल्या. भाषांतराची वाट न बघता थेट त्यांनाच सांगायला लागल्या, हातवारे करत. मागनं देवस्थळी सांगत होते. नाही, सापडला नाही. जगला. पुष्कळ वर्षं जगला. माझं लग्न बघितलं, नातवंडं खेळवली. म्हातारपणी आपल्या खाटेवर, मी पाणी पाजत असताना गेला.

“खाटेवर?”

“खाटेवर.”

मामंजी हसले. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. लूट म्हणून भावकीनं नावं ठेवली ते त्यांच्या कातडीवरसुद्धा उमटलं नव्हतं. त्यांना खात होतं ते वेगळंच. आपण पेटी उकरली, पण पेटीवाल्याचं काय झालं?

“लई बेस,” ते म्हणाले. “लई बेस झालं.”

नोरिनाबाईंनी दोन्ही सतरा नंबर मागितले, तेवढेच. मामंजी म्हणाले, पेटी तुझ्या बापाची, सगळीच ने. त्या ऐकेनात. मग बराच वेळ दोघांची ओढाताण झाली. देवस्थळी मध्ये घामाघूम. शेवटी असं ठरलं की दोन्ही गेज आणि तो मायक्रोमीटर तिकडच्या म्युझियममध्ये जावा, आणि बाकीची पेटी त्यांच्या वडिलांचं नाव घालून इथल्या एका पलटणीच्या म्युझियमला द्यावी. तशी ती दिलीही. म्युझियमच्या बाईंनी एकच विचारलं, कुंकू साफ करायचं की ठेवायचं? मामंजी म्हणाले, तुमच्या देवाला चालत असलं तर राहू दे. ते अजून आहे, म्हणे.

जाताना गेज पट्टीत गुंडाळून द्यायचं काम आमच्या ह्यांनी केलं. सकाळी पोलिसांना घाबरणारा माणूस, आता पाहुण्यांच्या मागं नारळ घेऊन धावत होता.

नंतर उन्हाळ्यात एके दुपारी देवस्थळींचा पुण्याहून फोन आला. नोरिनाबाई तिकडनं जोडलेल्या होत्या. त्या काळात असा तिघांचा फोन म्हणजे अप्रूपच. मी मामंजींना हात धरून फोनपाशी आणलं आणि मीही रिसीव्हरजवळ कान नेला. आदल्या दिवशी भिंतीवर आर्मांदोंचं नाव कोरून झालं होतं. सगळं गाव जमलं होतं. बँड होता. मेयर बोलले.

“आणि त्या म्हणतात,” देवस्थळी सांगत होते, “जो माणूस चौकात त्यांच्या वडिलांवर थुंकला होता, तो आला होता. हयात आहे, पण फार थकलाय. काठी टेकत एकटाच आला. कुणाशी बोलला नाही. ते गेज ठेवलेल्या काचेच्या कपाटासमोर जाऊन उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढून. भाषणं सुरू झाली तरी तिथंच उभा होता.”

माझ्या मनात आलं, बरं झालं, उभा राहू दे, एवढी वर्षं त्या घराला जाळलंय. मी ते बोलणारही होते.

मामंजींनी फोन दोन्ही हातांनी धरला. “तिला विचारा,” ते म्हणाले, “म्हाताऱ्याला बसायला कुणी खुर्ची दिली का?”

तिकडं भाषांतर झालं. मामंजींनी फोन कानाला घट्ट लावला.

“त्या म्हणतात, दिली,” देवस्थळी म्हणाले. “त्यांनी स्वतःच दिली. आपल्या शेजारची.”